प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या कोणाच्या खर्चाने?

दर वर्षी ३ ऑगस्टला देशात अवयवदान दिन पाळला जातो. १९९४ साली याच तारखेला दिल्लीच्या एम्समध्ये देशातले पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण झाले, त्याची ही आठवण. त्या दिवशी शाळा-महाविद्यालयांत शपथा होतात, अवयवदात्यांच्या कुटुंबांचा सत्कार होतो, दानपत्रे भरून घेतली जातात. एरवीही ग्रीन कॉरिडॉरची बातमी आली की वाहतूक थांबवून रुग्णवाहिकेला वाट करून देणाऱ्या शहराचे कौतुक होते, आणि ते व्हायलाच हवे. २०१३ मध्ये देशभरात वर्षाला पाच हजारांच्या आत असलेली प्रत्यारोपणे २०२३ मध्ये अठरा हजारांच्या पुढे गेली, यामागे पुष्कळांची मेहनत आहे. मात्र हे सारे लक्ष शस्त्रक्रियेपर्यंतच टिकते. अवयव बसवला, टाके निघाले, रुग्ण घरी गेला की त्याच्याकडे पाहणारी सार्वजनिक व्यवस्था जवळजवळ संपते. खरे तर त्याचा उपचार तिथून सुरू होतो. मिळालेला अवयव टिकवायचा तर शरीराची प्रतिकारशक्ती आयुष्यभर औषधांनी दाबून ठेवावी लागते. ही औषधे प्रत्येक प्रत्यारोपित रुग्णाला, तो कोणत्याही रंगाच्या शिधापत्रिकेचा असो, राज्य सरकारने तहहयात मोफत दिली पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे. यात दयेचा प्रश्न दुय्यम आहे. ज्या उपचारावर सरकार स्वतः लाखो रुपये घालते, त्या उपचाराचाच हा उरलेला भाग आहे.

डॉक्टर ज्याला इम्युनोसप्रेशन म्हणतात, तो प्रकार नेमका काय आहे हे समजून घेतल्याशिवाय या मागणीचे कारण कळणार नाही. आपल्या शरीरातल्या पांढऱ्या पेशी सतत गस्त घालत असतात. जंतू असो, विषाणू असो किंवा दुसऱ्या माणसाची किडनी असो, आपले नाही ते ओळखायचे आणि नष्ट करायचे, एवढेच त्यांना ठाऊक. ती किडनी जीव वाचवायला आलेली आहे, हे त्यांना कळण्याचा मार्ग नाही. सख्ख्या आईची किडनी असली तरी तिच्यावरच्या खुणा निम्म्याच जुळतात. म्हणून टी-पेशी नावाच्या या हल्लेखोरांना सावध करणारा संदेश औषधाने अडवावा लागतो. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन तेच करतात. मायकोफेनोलेट आणि अझाथायोप्रिन या पेशींची वाढ रोखतात आणि स्टिरॉइड एकूण दाह कमी ठेवते. संधिवात, ल्युपस, आतड्याचे काही आजार यांतही याच वर्गातली औषधे वापरतात, कारण तिथे शरीर स्वतःच्याच अवयवांवर उठलेले असते. पण त्यांतल्या काही आजारांत औषध कमी करता येते, कधी थांबवताही येते. प्रत्यारोपणात ती मुभा नसते. दहा वर्षे झाली, पंधरा वर्षे झाली, तरी ती किडनी शरीराच्या लेखी परकीच राहते.

या औषधांवाचून प्रत्यारोपणाला अर्थ नाही, हे वैद्यकाने फार किंमत मोजून शिकले आहे. १९५४ मध्ये बोस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी केलेले पहिले यशस्वी किडनी प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमधले होते. दोघांच्या पेशी सारख्याच असल्यामुळे शरीराने तक्रार केली नाही. ज्यांना असे जुळे भावंड नव्हते, म्हणजे जवळजवळ साऱ्या जगाला, त्यांच्यासाठी ती शस्त्रक्रिया निरुपयोगी होती. हात कुशल होते, तंत्र तयार होते, तरी अवयव टिकत नव्हते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी १९६५ मध्ये देशातले पहिले किडनी प्रत्यारोपण केले, तेही याच अडखळत्या काळात. डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी हृदय बदलले आणि जग थक्क झाले. त्यांचा रुग्ण अठराव्या दिवशी न्यूमोनियाने गेला, कारण नवे हृदय वाचवण्यासाठी त्याची प्रतिकारशक्ती इतकी दाबली होती की फुप्फुसातल्या संसर्गाशी लढायला काही उरले नाही. पुढच्या वर्षभरात जगभर शंभराहून अधिक हृदये बदलली गेली, त्यांतले बहुतेक रुग्ण दगावले आणि एकामागून एक रुग्णालयांनी ती शस्त्रक्रिया बंद केली. ती पुन्हा सुरू झाली ती नॉर्वेच्या पठारावरच्या मातीतल्या एका बुरशीमुळे. तिच्यातून सायक्लोस्पोरिन मिळाले आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. टॅक्रोलिमस जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतून आले. सिरोलिमस ईस्टर बेटाच्या मातीतून आले, आणि त्यामागे सुरेंद्रनाथ सेहगल हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ होते. कंपनीने माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली तेव्हा त्यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजमध्ये जपून ठेवला, म्हणून ते औषध आज आहे. शल्यचिकित्सकांची नावे आपल्याला पाठ असतात. प्रत्यारोपणाला रोजचा उपचार बनवले ते मात्र या गोळ्यांनी.

ही गोळी घेणे म्हणजे काय, तेही जवळून पाहिले पाहिजे. टॅक्रोलिमस साधारणपणे बारा-बारा तासांनी घ्यायचे, सकाळी आठला तर रात्री आठला, रोज त्याच वेळी. त्याचे रक्तातले प्रमाण अगदी अरुंद पट्ट्यात ठेवावे लागते. खाली गेले तर शरीर किडनीवर चाल करून जाते आणि वर गेले तर ते औषधच किडनीला इजा करते, हात थरथरतात, साखर वाढते. म्हणून ठरावीक दिवसांनी ‘टॅक्रो लेव्हल’ करायची. त्या दिवशी सकाळची गोळी न घेता लॅबमध्ये जायचे, आधी रक्त द्यायचे आणि मग खिशातली गोळी तिथेच पाण्याबरोबर घ्यायची. पपनसासारखे फळ खाल्ले तरी हे प्रमाण वर जाऊ शकते. बुरशीच्या संसर्गावरच्या काही साध्या गोळ्यांनी ते वाढते, तर क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनने झपाट्याने कोसळते. आणि दबलेल्या प्रतिकारशक्तीच्या माणसाला आपल्या देशात क्षयरोग होण्याचा धोका मोठा असतो, म्हणजे ज्या औषधाची त्याला हमखास गरज पडू शकते तेच या गोळीचा परिणाम घालवते. सगळ्यात घातक गोष्ट अशी की गोळी चुकली तरी त्या दिवशी काही होत नाही. अंग दुखत नाही, लघवी कमी होत नाही. महिन्याचे पैसे पुरले नाहीत म्हणून कोणी दोन वेळची गोळी एक वेळ केली, तर आठवडेच्या आठवडे काहीच जाणवत नाही. मग एके दिवशी क्रिएटिनिन वाढलेले दिसते, तोवर शरीराने त्या किडनीविरुद्ध प्रतिपिंडे तयार केलेली असतात. ती पुन्हा काढून टाकणे अवघड, महाग आणि पुष्कळदा अशक्य असते.

आता खर्चाकडे येऊ. पहिल्या वर्षात या औषधांना महिन्याला साधारण दहा-पंधरा हजार रुपये लागतात. पुढे डोस उतरला की आकडा कमी होतो, पण संपत नाही. तपासण्या आणि शहरात जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. महिन्याला पंधरा-वीस हजार कमावणाऱ्या घरात हे पैसे कुठून येतात, ते सांगायला नको. दागिने आणि जमीन शस्त्रक्रियेतच गेलेली असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली, हे चांगलेच झाले. दुसरीकडे २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळते, तेही आवश्यकच आहे. पण या दोन योजना शेजारी ठेवून पाहा. किडनी निकामी असताना सरकार डायलिसिसचा खर्च करते. किडनी बदलतानाही सरकार मदत करते. बदललेली किडनी चांगली चालू असताना मात्र ती चालू ठेवणाऱ्या औषधांचा भार रुग्णावर येतो. तो भार न पेलून किडनी गेली, की तोच माणूस पुन्हा सरकारी डायलिसिसच्या खुर्चीवर येऊन बसतो. आठवड्यातून तीनदा म्हणजे वर्षाला १५६ वेळा. एका वेळेचा खर्च दीड हजार धरला तर वर्षाचे २ लाख ३४ हजार होतात. औषधांचे महिन्याला आठ हजार धरले तर वर्षाचे ९६ हजार. आकडे थोडे खालीवर करा, निष्कर्ष बदलत नाही. शिवाय डायलिसिसवरचा माणूस आठवड्यातले तीन दिवस कामावर जाऊ शकत नाही आणि चांगली किडनी असलेला जाऊ शकतो, हे या हिशेबात धरलेलेच नाही.

ही विसंगती फक्त आपलीच आहे असे नाही. अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी योजना किडनी निकामी झालेल्या कोणत्याही वयाच्या रुग्णाचा डायलिसिस आणि प्रत्यारोपणाचा खर्च उचलते. पण वयाने किंवा अपंगत्वाने जे मेडिकेअरमध्ये बसत नव्हते, त्यांची प्रत्यारोपणानंतरची औषधे ३६ महिन्यांनी बंद होत. तिथे डायलिसिसच्या एका रुग्णामागे वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या आसपास खर्च होत असे आणि गोळ्यांचा खर्च त्यापुढे किरकोळ होता. तरीही गोळ्या थांबत, किडन्या जात आणि मेडिकेअर पुन्हा डायलिसिसची बिले भरू लागे. रुग्ण आणि डॉक्टर यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. औषधे चालू ठेवल्याने खर्च वाढण्याऐवजी वाचेल, असे शेवटी सरकारच्या स्वतःच्या हिशेबनिसांनी मांडले. डिसेंबर २०२० मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २०२३ पासून दुसरा विमा नसलेल्या किडनी रुग्णांना मुदतीनंतरही या औषधांचे संरक्षण मिळू लागले. श्रीमंत देशाला जी चूक दुरुस्त करायला इतकी वर्षे लागली, ती आपल्यालाही तितकाच काळ परवडेल असे समजण्याचे कारण नाही. आपल्याच देशात तमिळनाडूत सरकारी व्यवस्थेतून प्रत्यारोपण झालेल्या गरीब रुग्णांना ही औषधे मोफत देण्याची पद्धत आहे. म्हणजे भारतातल्या राज्याच्या तिजोरीला हे झेपते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मदतीच्या योजना आहेतच. आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला औषधांसाठी महिन्याला दहा हजारांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. मुख्यमंत्री साहाय्यता निधी आहे, धर्मादाय न्यास आहेत. पण दारिद्र्यरेषा काढताना पाहिलेले उत्पन्न आजारापूर्वीचे असते. केशरी कार्डाचे कुटुंब प्रत्यारोपणानंतर दोन वर्षांत कर्जात बुडते, पण कार्डाचा रंग केशरीच राहतो. निधी आणि न्यास एकदा, फार तर दोनदा मदत करतात. आयुष्यभर रोज दोनदा घ्यायच्या औषधासाठी एकदाच मिळणारी मदत कशी पुरणार? दर महिन्याला अर्ज, दाखला, शिफारसपत्र आणि वाट पाहणे, यांत एखादा आठवडा गेला तरी तो आठवडा किडनीला महागात पडू शकतो. जी मदत खंडित होऊ शकते, ती या आजारात मदत ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि सार्वजनिक आरोग्याचा विचार करणारी प्रामाणिक माणसे तो मांडतात. प्रत्यारोपित रुग्ण हजारांत आहेत आणि मधुमेह, रक्तदाबाचे रुग्ण कोट्यवधी. तेवढाच पैसा साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवण्यावर घातला तर पुष्कळ किडन्या मुळात बिघडणारच नाहीत. हे खरे आहे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाची गोळी संपता कामा नये यासाठी भांडलेच पाहिजे. पण या दोन मागण्या एकमेकींचा पैसा खात नाहीत. किडनी गेल्यावर डायलिसिसचा खर्च सरकार आत्ताही करते. मी मागतो आहे ती रक्कम त्याच खर्चातून वाचणारी आहे. दुसरे असे की प्रत्यारोपण ही सरकारच्या परवानगीवाचून होणारी गोष्ट नाही. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने रुग्णालयाला परवाना सरकार देते, नात्याबाहेरच्या दात्याला मान्यता सरकारी समिती देते आणि मृत दात्याचा अवयव कोणाला जाईल हे विभागीय समन्वय समितीच्या प्रतीक्षायादीवरून ठरते. इतक्या नियमांनी बांधलेला अवयव ही समाजाची ठेव आहे. ती खिशात औषधाला पैसे नाहीत म्हणून वाया जाऊ देणे हा सार्वजनिक मालमत्तेचाच नाश आहे. आणि मृत दात्यांचे अवयव आपल्याकडे अजून थोडेच मिळतात. बहुसंख्य किडन्या जिवंत माणसाच्या असतात आणि त्या देणाऱ्यांत बायकांचे प्रमाण जास्त आहे. आईने मुलाला, बायकोने नवऱ्याला दिलेली किडनी असते ती. तिच्याकडे देण्यासारखी दुसरी किडनी नसते. गोळ्यांअभावी ती किडनी गेली, तर त्या बाईने ऑपरेशनच्या टेबलावर स्वतःहून घेतलेली जोखीम फुकट गेली, आणि हे नुकसान कोणत्याही आरोग्य अंदाजपत्रकात नोंदले जात नाही.

काही जण विचारतील, ज्या औषधांनी माणसाची प्रतिकारशक्ती खच्ची होते, संसर्ग आणि काही कर्करोगांचा धोका वाढतो, ती सरकारने सढळ हाताने का वाटावीत? कोविडनंतर ‘इम्युनिटी वाढवा’ हा मंत्र घरोघरी पोचला आहे, त्यामुळे ही शंका आता केवळ तात्त्विक राहिलेली नाही. शेजारीपाजारी, नातेवाईक, कधी एखादा जाणकार म्हणवणारा माणूस प्रत्यारोपित रुग्णाला सांगतो की या गोळ्या कमी कर, त्याऐवजी हा काढा घे. कोविडच्या काळात गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली आणि तो वाद इथे सोडवण्याची गरज नाही. कारण प्रत्यारोपित रुग्णाच्या बाबतीत प्रश्न वेगळाच आहे. प्रतिकारशक्ती चेतवण्याचा दावा करणारी कोणतीही वस्तू खरोखर गुणकारी असेल, तर ती त्याच्या किडनीला अपायकारकच ठरेल. औषधांचे धोके खरे आहेत, आणि म्हणूनच गोळी एकटी देऊन चालणार नाही. तिच्याबरोबर टॅक्रो लेव्हल, क्रिएटिनिन, साखर, क्षयरोगाची तपासणी आणि लशींचा सल्ला आलाच पाहिजे. ज्याला औषध स्वतःच्या पैशाने घ्यावे लागते, तो आधी तपासण्यांना कात्री लावतो आणि शेवटी औषधाला. म्हणजे सगळ्यात धोकादायक स्वरूपातले इम्युनोसप्रेशन, अंदाजपंचे घेतलेले, आजच्याच व्यवस्थेत घडते आहे.

आयुष्यभराची जबाबदारी सरकारने एकदा घेतली की ती कधी संपणार नाही, अशी भीती वित्त विभागाला वाटणे साहजिक आहे. पण अशी जबाबदारी सरकारने आधीच घेतलेली आहे आणि पारही पाडली आहे. एप्रिल २००४ पासून एचआयव्हीबाधितांना एआरटी औषधे मोफत मिळू लागली. पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. तेही रोजचे औषध आहे, तेही आयुष्यभराचे आहे, तेही चुकले की आजार उसळतो. प्रत्येक रुग्णाची नोंद, महिन्याच्या गोळ्या, न आलेल्याची चौकशी, ठरावीक काळाने रक्ततपासणी आणि रुग्णाला नीट समजावून सांगणारा समुपदेशक, ही घडी देशभर बसली आहे. एआरटी घेणाऱ्यांची संख्या प्रत्यारोपित रुग्णांच्या कितीतरी पट आहे. इतक्या मोठ्या संख्येला जमले ते थोड्या हजारांना जमणार नाही, असे कोण म्हणेल?

किमतीबद्दलही एक मुद्दा मांडला जातो. ही औषधे आता देशातच बनतात, जेनेरिक स्वस्त झाली आहेत, तर रुग्णाने ती बाजारातून घ्यावीत. जेनेरिक घ्यावीत हे बरोबर आहे. पण टॅक्रोलिमससारख्या औषधात एका कंपनीच्या गोळीवरून दुसऱ्या कंपनीच्या गोळीवर जाताना रक्तातले प्रमाण बदलू शकते. म्हणूनच ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१२ मध्ये टॅक्रोलिमस नेहमी ठरावीक ब्रँडच्या नावानेच लिहावे आणि द्यावे, असे सांगितले. आपल्याकडे रुग्ण दर महिन्याला जो ब्रँड स्वस्त मिळेल तो घेतो आणि तपासणी टाळतो. हीच चूक सरकारी खरेदीतही होऊ शकते. दर वर्षीच्या निविदेत सगळ्यात कमी दराची कंपनी बदलली, तर रुग्णाची गोळीही दर वर्षी बदलेल. म्हणून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाने या औषधांसाठी अनेक वर्षांचा करार करावा आणि पुरवठादार बदललाच तर त्या महिन्यात प्रत्येक रुग्णाची लेव्हल मोफत तपासावी, ही अट योजनेतच लिहिलेली हवी. वाटपासाठी नवी इमारत लागत नाही. जिथे डायलिसिस केंद्र आहे, त्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात प्रत्यारोपित रुग्णाची नोंद करावी. शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात झाली की खासगीत, हे न विचारता त्याला दर महिन्याला तीस दिवसांच्या गोळ्या द्याव्यात आणि रक्ताचा नमुना विभागीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पाठवावा. पहिल्या वर्षी किडनी रुग्णांपासून सुरुवात करावी आणि यकृत, हृदय, फुप्फुसाच्या रुग्णांना दुसऱ्या वर्षी सामावून घ्यावे. फुले योजनेच्या पुढच्या पॅकेज यादीत प्रत्यारोपणाच्या ओळीखाली ‘शस्त्रक्रियेनंतरची औषधे, तहहयात’ ही ओळ घालण्यासाठी शासन निर्णय पुरेसा आहे, नवा कायदा करावा लागत नाही.